मुलांच्या कण्यातील धातू : स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात काय उतरते आणि पालकांनी काय जपावे

रायपूर : पाठीचा कणा एका बाजूला वाकण्याच्या विकारास वैद्यकशास्त्रात स्कोलिओसिस म्हणतात. हा विकार तीव्र झाल्यास मुलांच्या कण्यात धातूच्या सळया आणि स्क्रू बसवावे लागतात व हे साहित्य बहुतेक वेळा आयुष्यभर शरीरातच राहते. बाराव्या-चौदाव्या वर्षी बसवलेली सळई त्या व्यक्तीस पुढे साठ-सत्तर वर्षे वागवावी लागते. एवढ्या दीर्घ काळात धातूचे अंश रक्तात उतरतात का आणि उतरत असल्यास त्यापासून अपाय होतो का, असा प्रश्न शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या पालकांना पडणे स्वाभाविक आहे.

गेल्या दोन दशकांतील अभ्यासांनी या प्रश्नाचे बऱ्याच अंशी उत्तर दिले आहे. धातूचे अंश रक्तात उतरतात, हे आता निर्विवाद आहे. नेहमीच्या स्थिर सळयांच्या बाबतीत त्यांचे प्रमाण अत्यल्प असते आणि त्यामुळे शरीरव्यापी आजार उद्भवतो, असे सिद्ध झालेले नाही. मात्र बालपणी बसवलेल्या धातूचा सहवास आयुष्यभराचा असल्याने काही वर्षांच्या निरीक्षणांवरून अखेरचा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणूनच मुलाच्या शरीरात नेमके कोणते साहित्य बसवले, याची नोंद जपणे आणि नियमित तपासणी चालू ठेवणे, या दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे.

मध्य भारतातील कुटुंबांसाठी नोंदीचा मुद्दा अधिकच निकडीचा ठरतो. रायपूर हे हावडा–मुंबई लोहमार्गावरील स्थानक आहे. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया या गावांतील कुटुंबे उपचारांसाठी कधी रायपूरला, तर कधी नागपूर किंवा मुंबईला जातात. निदान एका शहरात, शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात आणि पुढील तपासण्या तिसऱ्याच ठिकाणी, असे घडत गेले की कागदपत्रे विखुरतात. दहा-पंधरा वर्षांनी काही तक्रार उद्भवलीच, तर पाठीत कोणता धातू आहे हे सांगणारे कोणीच जवळ नसते.

विकार आणि उपचारांच्या पायऱ्या

कण्याच्या क्ष-किरण चित्रात बाक किती अंशांचा आहे, हे ज्या कोनाने मोजतात त्यास ‘कॉब कोन’ म्हणतात. अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली. हा कोन १० अंशांहून अधिक असल्यास त्यास स्कोलिओसिस म्हटले जाते. कणा केवळ बाजूला झुकत नाही, तर मणके स्वतःभोवती फिरतातही. त्यामुळे मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंचावलेली दिसते. एक खांदा वर असणे, एका बाजूचे खवाट पुढे येणे, कमरेची घडी दोन्ही बाजूंना सारखी नसणे, ही घरच्या घरी ध्यानात येणारी लक्षणे होत.

काही मुलांत मणक्यांची जन्मजात विकृती हे यामागचे कारण असते, तर काहींत सेरेब्रल पाल्सीसारखे मज्जासंस्थेचे किंवा स्नायूंचे आजार. बहुसंख्य मुलांत मात्र निश्चित कारण सापडत नाही. वयात येण्याच्या काळात दिसणारा हा अकारण प्रकार सुमारे २ ते ३ टक्के मुलांत आढळतो. त्यांपैकी फारच थोड्यांचा बाक शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो आणि अशा तीव्र बाकाचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा अनेक पटींनी अधिक असते.

बाक २५ अंशांच्या आत असेल, तर ठरावीक काळाने तपासणी करणे पुरेसे ठरते. २५ ते ४०-४५ अंशांच्या दरम्यान आणि उंची वाढण्याचे वय शिल्लक असल्यास ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारा कडक पट्टा, वापरण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिका आणि कॅनडातील २५ केंद्रांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्या गटातील ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेस दिवसातून जितके तास अधिक घातला, तितका लाभ अधिक, असेही त्यात आढळले. धातूचा प्रश्न टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वेळीच निदान आणि नेटाने वापरलेला ब्रेस, हा या आकडेवारीचा व्यावहारिक अर्थ होय.

बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. छातीच्या भागातील ५० अंशांहून मोठा बाक उंची वाढणे थांबल्यानंतरही दरवर्षी सुमारे एका अंशाने वाढत राहू शकतो. अगदी लहान वयात सुरू झालेला तीव्र बाक उपचारांविना राहिल्यास छातीचा पिंजरा आखडतो, फुप्फुसांची वाढ खुंटते आणि पुढे श्वसनाचे व हृदयाचे गंभीर विकार जडतात. धातूपासून संभवणाऱ्या धोक्याचा विचार करताना शस्त्रक्रिया न करण्याचा हा धोका तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवावा लागतो.

सळयांचा इतिहास

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी स्टेनलेस स्टीलच्या सळया विकसित केल्या आणि १९६२ मध्ये आपल्या कामाचा तपशील प्रसिद्ध केला. तोपर्यंत अशा मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावे लागत असे. १९८० च्या दशकात फ्रान्समधील इव्ह कोत्रेल आणि जाँ दुबुसे यांनी कण्याला अनेक ठिकाणी पकडणारी दुहेरी सळयांची रचना पुढे आणली. त्यानंतर मणक्याच्या मागील भागातून आत जाणारे स्क्रू रूढ झाले. आज एका किशोरवयीन रुग्णाच्या कण्यात दोन सळया आणि वीसच्या आसपास स्क्रू असणे असामान्य नाही.

या शस्त्रक्रियेत सळया कण्याला सरळ स्थितीत धरून ठेवतात. त्याच वेळी मणक्यांवर हाडाचा चुरा पसरला जातो आणि काही महिन्यांत ते मणके परस्परांशी जुळून एकसंध होतात. या प्रक्रियेस फ्यूजन म्हणतात. हाड जुळल्यावर भार मुख्यतः हाडच पेलते. सळईचे काम तेव्हा बऱ्याच अंशी संपलेले असते. तथापि ती काढण्यासाठी पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि काढल्यानंतर बाक काही प्रमाणात परतण्याची शक्यता असते. त्यामुळे कारणाशिवाय ती काढली जात नाही.

कोणकोणते धातू

कण्यासाठी मुख्यतः तीन प्रकारचे संमिश्र धातू वापरले जातात.

पहिला स्टेनलेस स्टील. शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या या पोलादात सुमारे १७ ते १९ टक्के क्रोमिअम, १३ ते १५ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, उरलेला भाग प्रामुख्याने लोहाचा. हा धातू ताठ व तुलनेने स्वस्त आहे. मात्र त्यात निकेल असते आणि एमआरआय चित्रात त्याच्या सभोवतालचा भाग अस्पष्ट होतो.

दुसरा टायटॅनिअमचा संमिश्र धातू. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनिअम व ४ टक्के व्हॅनेडिअम असते. काही उत्पादनांत व्हॅनेडिअमऐवजी नायोबिअम वापरतात. हा धातू हलका असून गंजास चांगला विरोध करतो, हाडाशी त्याचे उत्तम जुळते आणि एमआरआयमध्ये तो कमी अडथळा आणतो.

तिसरा कोबाल्ट-क्रोम. त्यात २७ ते ३० टक्के क्रोमिअम आणि ५ ते ७ टक्के मॉलिब्डेनम असते, उरलेला बहुतांश भाग कोबाल्टचा. हा अतिशय ताठ असल्याने मोठा व कडक बाक सरळ करण्यासाठी त्याच्या सळया पसंत केल्या जातात. टायटॅनिअमचे स्क्रू आणि कोबाल्ट-क्रोमच्या सळया एकत्र वापरण्याचीही पद्धत आहे. म्हणजे ‘टायटॅनिअमचे साहित्य बसवले’ एवढ्या माहितीने सळईचा धातू कळेलच, असे नाही.

धातू रक्तात कसा उतरतो

या तिन्ही धातूंच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. हाच थर आतील धातूचे शरीरातील क्षारयुक्त द्रवांपासून रक्षण करतो. तो अखंड असेपर्यंत धातूचे क्षरण अत्यंत मंद असते. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात, उदाहरणार्थ सळई व स्क्रूचे डोके यांच्या जोडावर, तिथे हा थर खरवडला जातो. उघडा पडलेला धातू पुन्हा थर धरतो आणि पुन्हा खरवडला जातो. या क्रियेत धातूचे आयन आणि सूक्ष्म कण बाहेर पडतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी सळई वाकवताना आणि स्क्रू घट्ट करतानाही पृष्ठभागावर ओरखडे येतात. हाड जुळून हालचाल थांबली की घर्षण कमी होते. ज्या रुग्णात मणके जुळतच नाहीत, त्याच्या कण्यातील जोड हलत राहतात, झीज चालू राहते आणि सळई तुटण्याचा धोकाही वाढतो.

क्रोमिअम, कोबाल्ट व निकेल यांचे रक्तात आलेले अंश मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जातात. म्हणून ज्या मुलांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वीच धातूच्या निवडीविषयी चर्चा होणे आवश्यक असते.

मोजमाप काय सांगते

रक्तातील या धातूंचे प्रमाण एका लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात, मोजले जाते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील शल्यचिकित्सकांनी स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे याबाबत काळजीपूर्वक अभ्यास केले. स्टेनलेस स्टील बसवलेल्या मुलांच्या रक्तद्रवात क्रोमिअमचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांपेक्षा अधिक आढळले. टायटॅनिअमच्या साहित्याबाबतही टायटॅनिअम आणि नायोबिअम यांचे प्रमाण पहिल्या आठवड्यातच वाढते आणि दोन वर्षांनंतरही वाढलेलेच राहते, असे दिसून आले.

या निष्कर्षांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे कोणताही धातू पूर्णपणे निष्क्रिय नाही. ‘टायटॅनिअम शरीरात विरघळत नाही’ हा समज शब्दशः खरा नाही. दुसरी म्हणजे प्रमाण वाढणे आणि अपाय होणे या भिन्न बाबी आहेत. रक्तातील वाढलेले प्रमाण हा धातूशी संपर्क आल्याचा पुरावा असतो; त्यावरून आजाराचे निदान होत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांसाठीच्या सळया

दहा वर्षांच्या आतील मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे मणके कायमचे जुळवले, तर धडाची आणि फुप्फुसांची वाढ थांबते. म्हणून त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने लांब करता येणाऱ्या सळया वापरतात. जुन्या पद्धतीत साधारण दर सहा महिन्यांनी भूल देऊन शस्त्रक्रियेने सळई लांबवावी लागते. वारंवार होणाऱ्या या शस्त्रक्रियांमुळे जंतुसंसर्गाचा धोका आणि मुलाचे हाल दोन्ही वाढतात.

यावर उपाय म्हणून चुंबकाच्या साहाय्याने बाहेरूनच लांब करता येणारी सळई विकसित झाली. हाँगकाँगमधील शल्यचिकित्सकांनी २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तिचे प्रारंभीचे अनुभव मांडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये ‘मॅजेक’ या नावाच्या अशा सळईस परवानगी दिली. भूल नाही, चिरा नाही, बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत सळई लांब करता येते, हा तिचा मोठा लाभ होय.

तथापि या सळईच्या आत चुंबक, स्क्रू आणि सरकणारा दांडा असे हलते भाग असतात. काढून घेतलेल्या सळयांच्या तपासणीत या भागांची झीज आढळली. काही मुलांच्या सळईभोवतालच्या ऊती धातूच्या कणांमुळे काळपट-करड्या झालेल्या दिसल्या. या अवस्थेस मेटॅलोसिस म्हणतात. अशा मुलांच्या रक्तात टायटॅनिअमचे प्रमाण वाढल्याचेही अभ्यासांत नोंदले गेले. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या औषध व वैद्यकीय साधने नियामक संस्थेने या सळयांचा तेथील वापर थांबवण्यास सांगितले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सळईचे टोपण सुटणे आणि धातूचे कण ऊतींत पसरणे या संभाव्य दोषांविषयी सूचना प्रसिद्ध केली. मात्र या आजाराच्या अन्य पर्यायांशी तुलना करता लाभ अधिक असल्याचे नमूद करून त्या प्रशासनाने ही सळई उपलब्ध ठेवली.

एकाच उपकरणाविषयी दोन देशांच्या नियामकांनी वेगवेगळे निर्णय घेतले, यातच या प्रश्नातील गुंता दिसतो. धातूचे कण नकोत, हे खरे. परंतु चार वर्षांच्या मुलाला वर्षातून दोनदा भूल देऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे, हाही लहान धोका नाही.

कर्करोग आणि ॲलर्जी

पालकांच्या मनातील सर्वांत मोठी भीती कर्करोगाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये शरीरात बसवल्या जाणाऱ्या साहित्याचा आढावा घेतला. धातुरूप कोबाल्ट आणि धातुरूप निकेल यांच्या रोपणास तिने ‘संभाव्य कर्करोगकारक’ वर्गात ठेवले. परंतु प्रत्यक्ष वापरातील संमिश्र घडणीच्या अस्थिरोपण साहित्याबाबत, वर्गीकरण करता येईल इतका पुरावा नसल्याचे म्हटले. क्रोमिअमचे षट्‌संयुजी रूप कर्करोगकारक आहे, हे प्रस्थापित आहे. मात्र रोपण साहित्यातून बाहेर पडणारे क्रोमिअम प्रामुख्याने त्रिसंयुजी रूपात असते. या दोहोंची गल्लत केल्याने अकारण घबराट पसरते.

निकेलची ॲलर्जी ही त्या मानाने रोजच्या व्यवहारातील बाब आहे. नकली दागिने, घड्याळाचा पट्टा, पँटचे धातूचे बटण किंवा कान टोचल्यानंतर घातलेले कर्णभूषण यामुळे त्वचेवर खाज, पुरळ वा चट्टे उठत असतील, तर ती निकेलच्या ॲलर्जीची खूण असू शकते. त्वचेवर ॲलर्जी असलेल्या प्रत्येकास शरीरातील धातूचा त्रास होतोच असे नाही. तरीही ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दिल्यास स्टेनलेस स्टीलऐवजी टायटॅनिअमचा विचार करता येतो. शस्त्रक्रिया झाल्यावर ही माहिती देण्याचा उपयोग फार थोडा.

रक्ततपासणी कधी करावी

स्थिर सळया असलेल्या आणि कोणतीही तक्रार नसलेल्या मुलाच्या रक्तातील धातूंची नियमित तपासणी करण्याची सर्वमान्य शिफारस नाही. याचे मुख्य कारण असे की, येणाऱ्या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी कण्याच्या रुग्णांकरिता निश्चित मर्यादा ठरलेली नाही. खुब्याच्या धातू-धातू सांध्यासाठी ब्रिटिश नियामकाने २०१० मध्ये कोबाल्ट वा क्रोमिअमसाठी लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधतेची रेषा सांगितली होती. ती सतत घासणाऱ्या सांध्यासाठी होती. मुलांच्या कण्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

तपासणी करायचीच असेल, तर पद्धत महत्त्वाची ठरते. रक्त काढण्याची नेहमीची पोलादी सुई स्वतःच क्रोमिअम व निकेलचे अंश सोडू शकते. त्यामुळे पहिले काही रक्त बाजूला ठेवून, सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठीच्या खास नळीत नमुना घ्यावा लागतो आणि तो अत्यंत अल्प प्रमाण मोजू शकणाऱ्या यंत्रावर तपासावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा एक नमुना हाती असेल, तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. आहार, पाणी आणि परिसरातील धूळ यांतूनही हे धातू शरीरात येतात. पोलाद व स्पंज आयर्नचे कारखाने असलेल्या भिलाई, उरला, सिलतरा यांसारख्या परिसरात राहणाऱ्या मुलांबाबत तर परदेशातील प्रमाणांशी थेट तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाच्या आधीच्या नमुन्याशी तुलना करणे अधिक योग्य ठरते.

खुब्याच्या सांध्याने दिलेला धडा

नोंद का महत्त्वाची, याचे भारतातील ठळक उदाहरण खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने आपला ‘एएसआर’ हा धातू-धातू सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. या सांध्याच्या घर्षणातून कोबाल्ट व क्रोमिअम मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरत असल्याच्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत असल्याच्या तक्रारी होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतात हे प्रकरण लावून धरले. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरवले. त्यानुसार ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद झाली.

त्या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा भरपाईचा नव्हता. देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता आणि समितीने अहवाल दिला तेव्हा त्यांपैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता. आपल्या शरीरातील सांधा कोणत्या कंपनीचा आहे, हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापर्यंत ना धोक्याची सूचना पोहोचली, ना भरपाई.

कण्याच्या स्थिर सळया आणि खुब्याचा घासणारा सांधा यांत मोठा फरक आहे. त्या सांध्याचा धोका कण्याला लागू करणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरेल. परंतु नोंदीअभावी रुग्ण हरवतात, हा धडा दोन्हींना सारखाच लागू पडतो आणि मुलांना तर तो अधिकच लागू पडतो, कारण त्यांना पुढे अधिक काळ जगायचे असते.

भारतातील व्यवस्था

वैद्यकीय साधनांसाठीचे नियम २०१७ मध्ये अधिसूचित झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. साधनांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्यासाठी जुलै २०१५ मध्ये ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ सुरू झाला असून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे समन्वयाचे काम आहे. सळई तुटणे, स्क्रू सुटणे, ऊती काळ्या पडणे अशा घटना डॉक्टरांबरोबरच रुग्ण किंवा पालकही या यंत्रणेला कळवू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

शालेय मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. छत्तीसगडमध्ये हा कार्यक्रम ‘चिरायु’ या नावाने परिचित आहे. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात. मुलाच्या पाठीविषयी शंका असल्यास पालकांनी ती या पथकासमोर आवर्जून मांडावी. तपासणीच्या वेळी मुलास पुढे वाकवून पाठ पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

रायपुरात टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, २०१२ पासून कार्यरत आहे. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय हे जुने शासकीय रुग्णालय ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाते. शस्त्रक्रिया कोठे करावी हे ठरवताना त्या ठिकाणी मुलांच्या कण्याच्या किती शस्त्रक्रिया होतात, शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूच्या कार्यावर लक्ष ठेवण्याची सोय आहे का आणि मुलांसाठी अतिदक्षता विभाग आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. ब्रेस व कृत्रिम आधारसाधनांसाठी मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची जुनी संस्था आहे.

आयुष्मान भारत योजनेखाली किंवा राज्याच्या योजनेखाली उपचार होत असले, तरी बसवलेल्या साहित्याचा तपशील मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. साहित्याचा खर्च योजनेने भागवला, म्हणून त्याची माहिती केवळ रुग्णालयाच्या फाईलमध्ये राहावी, असे नाही.

पालकांनी जपावयाची कागदपत्रे

रोपण साहित्याच्या प्रत्येक वेष्टनावर चिकटपट्टीसारखे लेबल असते. त्यावर उत्पादकाचे नाव, साहित्याचे नाव, धातूचा प्रकार, माप आणि उत्पादनाचा तुकडी क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर ही लेबले रुग्णाच्या फाईलमध्ये लावली जातात. घरी जाण्यापूर्वी त्या पानाची प्रत मागून घ्यावी. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे हेही सोबत ठेवावे.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्याच्याशी ही कागदपत्रे जोडून ठेवल्यास गाव किंवा रुग्णालय बदलले तरी ती हाताशी राहतात. तरीही एक छापील प्रत घरातील शाळेच्या दाखल्यांसोबत ठेवणे श्रेयस्कर. मूल सज्ञान झाल्यावर ही माहिती त्याच्या स्वाधीन करावी. पुढे एमआरआय करताना, कोणत्याही शस्त्रक्रियेत भूल देताना आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत प्रसूतीच्या वेळी कमरेतून भूल देण्याचा प्रश्न आल्यास ही माहिती लागते.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये

शस्त्रक्रियेस काही वर्षे लोटल्यावर पाठीत नव्याने दुखू लागणे, व्रणाजवळ सूज येणे किंवा तेथून पाणी वा पू झिरपणे, हालचालीबरोबर खटखट आवाज येणे, बाक पुन्हा वाढल्यासारखा वाटणे, अंगावर कारण न कळणारे व न हटणारे पुरळ येणे, ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांना भेटावे. यांपैकी बहुतेकांमागे सळई तुटणे, हाड न जुळणे किंवा संथ वाढणाऱ्या जिवाणूंचा उशिरा झालेला संसर्ग अशी कारणे असतात. धातूविषयीची प्रतिक्रिया ही त्यांतील एक शक्यता असते, पहिली नव्हे. पायांत अशक्तपणा किंवा बधिरता येणे, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे ही मात्र तातडीची लक्षणे असून त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कोणतीही तक्रार नसली, तरी उंची वाढणे पूर्ण होईपर्यंत ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. चुंबकीय किंवा टप्प्याटप्प्याने लांब होणारी सळई असलेल्या मुलांच्या बाबतीत ती किती काळ ठेवायची आणि केव्हा बदलायची, याचा लेखी आराखडा शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांकडून मागून घ्यावा.